चतुर्थीला अडणारी, शिमग्याला उघडणारी पेटी : खुंटीच्या सांध्यांचे निदान आणि दुरुस्ती

भजनाचे टाळ आणि झांजा, आरतीचे तबक, माटवीची (गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीची) दोरी असे वर्षातून एकदाच लागणारे सामान ठेवण्यासाठी मी घरच्या फणसाच्या फळ्यांची एक साधी पेटी केली होती. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात परसातला फणस पडला, त्याच्या फळ्या चिरून घेतल्या, वर्षभर सुकवल्या आणि पुढच्या श्रावणात पेटी जुळवली. खाऱ्या हवेत लोखंडी खिळा टिकत नाही, म्हणून कोपऱ्यांत बांबूच्या खुंट्या, म्हणजे भोकात ठोकायच्या बारीक गोल काड्या, ठोकल्या. ती चतुर्थी सुखरूप पार पडली. शिमग्यात पाहिले तर दोन कोपऱ्यांत नख जाईल एवढी फट होती, तळाला लांबीच्या दिशेने बारीक चीर गेली होती आणि चार खुंट्या बोटाने फिरवता येत होत्या. मी भुसा आणि डिंक कालवून फटी भरल्या, सैल खुंट्यांच्या शेजारी नव्या ठोकल्या आणि झाकण ढिले वाटले म्हणून त्याच्या आतल्या बाजूला एक पट्टी वाढवली. पुढच्या चतुर्थीच्या आदल्या रात्री झाकण असे अडले की ते उचकटताना पट्टी निघून आली, आणि त्यानंतरच्या शिमग्यात तीच फट आधीच्या दीडपट झालेली दिसली.

किनारपट्टीवर घरच्या घरी पेट्या करणाऱ्या बहुतेकांचे दुखणे याच चालीने जाते, आणि बहुतेक जण त्याचा दोष खुंटीला देतात: खुंटी बारीक पडली, संख्या कमी पडली, डिंक हलका होता, यापेक्षा खिळेच बरे होते. माझे मत आता वेगळे आहे. खुंटी क्वचितच कमी पडते. दोष असतो तो जिथे लाकडाला हलू द्यायला हवे तिथेही खुंटीने बांधून टाकण्यात, आणि त्याहून मोठा दोष असतो तो उन्हाळ्यात दिसलेली फट उन्हाळ्यातच भरण्यात.

याचे कारण लाकडाच्या पाणी धरण्यात आहे. सुकवलेले लाकूडही भोवतालच्या हवेशी पाण्याची देवघेव करत राहते. हवेतील आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात राहिली तर लाकडातील ओलावा हळूहळू २० टक्क्यांकडे सरकतो. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास आली की तो १२ टक्क्यांपर्यंत उतरतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पहिली अवस्था आणि मार्गशीर्षापासून दुसरीच्या जवळची अवस्था असते, त्यामुळे घरातल्या पेटीच्या ओलाव्यात वर्षाकाठी सहा टक्क्यांचा फरक धरणे अवास्तव नाही. सागासारखे कमी हलणारे लाकूड घेतले आणि फळी साधी चिरलेली असली, तरी ओलाव्याच्या सहा टक्के फरकाला २२० मिलिमीटर रुंदीची फळी सुमारे अडीच मिलिमीटर रुंदावते किंवा आकसते. तीच फळी टोकाकडून पाहिल्यावर वलये पृष्ठाला काटकोनात उभी दिसतील अशी चिरलेली असेल, तर हा आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. लांबीत मात्र फळी व्यवहारापुरती हलतच नाही. फणस, आंबा, किंजळ यांचे आकडे सागाहून कमी असतील असे धरून चालू नये.

नुसते फुगणे आणि आकसणे असते तर दरवर्षी पेटी मूळ मापावर आली असती आणि फट वाढली नसती. ती वाढते याचे कारण शेतावर ज्याने कुदळ वापरली आहे त्याला लगेच कळेल. कुदळीचा दांडा सैल झाला की आपण ती रात्रभर पाण्यात ठेवतो. सकाळी दांडा घट्ट बसलेला असतो, आणि दोन दिवस उन्हात काम केले की पूर्वीपेक्षा जास्त सैल होतो. भिजलेले लाकूड फुगू पाहते, लोखंडाचे कडे त्याला जागा देत नाही, म्हणून आतल्या पेशी चेंगरतात. वाळल्यावर ते लाकूड मूळ मापावर न येता त्याच्याहून लहान होते. पेटीत खुंटी, भरलेला भुसा किंवा अडलेली पट्टी ही त्या लोखंडी कड्याचेच काम करतात. चूक पावसाळ्यात घडते आणि ती दिसते उन्हाळ्यात. मी शिमग्यात भरलेला भुसा पुढच्या आषाढात फुगणाऱ्या फळ्यांच्या मध्ये पाचरीसारखा बसला, त्याने काठ चेंगरले, आणि पुढच्या शिमग्यात फट वाढली ती माझ्या दुरुस्तीमुळे.

म्हणून कोणत्याही दुरुस्तीच्या आधी एक पूर्ण वर्ष पेटीची नुसती नोंद ठेवावी, असे मी आता सांगतो. फटीत वहीचे एक पान जाते की पोस्टकार्ड जाते हे पाहावे आणि महिना लिहावा. माघात पान जाते आणि श्रावणात ते जात नाही, तर ती फट नव्हे, ते लाकडाचे श्वास घेणे आहे. तिला हात लावू नये. बारा महिने पोस्टकार्ड जाते तो सांधा मात्र खरोखर सुटला आहे. खुंट्यांचेही तसेच. कोरड्या दिवसांत पेटीवर हात फिरवला तर खुंट्यांची डोकी किंचित वर आलेली लागतात आणि पावसाळ्यात ती पुन्हा पृष्ठाच्या सपाटीला येतात. खुंटी तिच्या लांबीत हलत नाही, फळी तिच्या जाडीत आकसते, एवढाच त्याचा अर्थ असतो. ही डोकी कानशीने घासून सपाट करण्याचा मोह आवरावा, नाहीतर पावसाळ्यात त्याच जागी खड्डे दिसतात. मी ते केले आहे.

कोपऱ्याचा सांधा

साध्या पेटीच्या कोपऱ्यात लांब फळीच्या टोकाला आतून खाच घेतात आणि आखूड फळीचे तोंड त्या खाचेत बसवतात. अठरा मिलिमीटरच्या फळीत खाच बारा मिलिमीटर खोल घेतली की बाहेर सहा मिलिमीटरचा पातळ ओठ राहतो; खुंटी त्या ओठातून आत जाऊन आखूड फळीच्या तोंडात शिरते. चारही फळ्यांचे धागे (लाकडातले लांबीत धावणारे तंतू) आडवे असल्यामुळे त्या पेटीच्या उंचीच्या दिशेने एकाच वेळी आणि जवळजवळ सारख्याच हलतात, म्हणून या सांध्यात धाग्यांचे भांडण नाही आणि इथे डिंक आणि खुंटी दोन्ही बिनधास्त वापरता येतात. तरीही कोपरा उघडत असेल तर त्याची कारणे तीन जागी शोधावीत.

पहिली जागा फळीच्या वाकण्याची. साधी चिरलेली फळी वाळताना सालीच्या बाजूला खोलगट होते आणि गाभ्याच्या बाजूला फुगवटा येतो. पावसाळ्यात जुळवलेल्या पेटीत सालीची बाजू बाहेर ठेवली तर वाळताना सांध्याची वरची आणि खालची टोके बाहेर उलगतात, आणि फट नेमकी जिथे नजर आधी जाते तिथेच पडते. गाभ्याची बाजू बाहेर ठेवली तर टोके आत दाबली जातात, सुटू पाहतो तो सांध्याचा मध्यभाग, आणि मध्यभागाला खुंट्या धरून ठेवतात. पण वैशाखात कोरड्या फळ्यांनी जुळवलेली पेटी पुढे ओली होणार असते, तेव्हा हे सगळे उलटे होते. म्हणून पेटी कोणत्या महिन्यात करावी हा प्रश्न मला फळीची बाजू निवडण्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. दसऱ्यापासून दिवाळीनंतरच्या पंधरवड्यापर्यंतचा काळ मला सर्वांत बरा वाटला, कारण आदल्या उन्हाळ्यात सुकवून पावसाळाभर छपराखाली ठेवलेली फळी तेव्हा उतरत्या ओलाव्यावर, साधारण मध्यावर असते. तिथून ती दोन्ही बाजूंना थोडी थोडी हलते, एका बाजूला पूर्ण हलत नाही.

फळी मध्यावर आहे हे ओळखायला यंत्र लागत नाही. त्याच लाकडाचा एक तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावा, मग लहान ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर वजन उतरणे थांबेपर्यंत ठेवावा. आधीचे वजन ११५ ग्रॅम आणि नंतरचे १०० ग्रॅम भरले तर ओलावा १५ टक्के. चौदा-पंधरा हा आकडा आपल्या हवेत चांगला. फळ्या सुकवण्याचा ठोकताळा इंच जाडीला एक वर्ष असा सांगतात, पण आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हिशेबात धरू नयेत. माझी पहिली चूक इथेच होती.

दुसरी जागा खुंटीची दिशा. सर्व खुंट्या सरळ आणि एकमेकींना समांतर ठोकल्या तर त्या जशा गेल्या तशाच मागे सरकू शकतात, विशेषतः फळीच्या तोंडात, जिथे त्यांची पकड मुळातच हलकी असते. एक खुंटी वरच्या बाजूला दहा-बारा अंश कलती आणि पुढची तितकीच खाली कलती घातली की सांधा ओढला तरी सुटत नाही. ओठातून गेल्यावर खुंटीने दुसऱ्या फळीत तीस मिलिमीटर तरी शिरायला हवे.

तिसरी जागा चीर. खुंटीची जाडी आखूड फळीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घेऊ नये: अठराला सहा, बाराला चार. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची खुंटी काठापासून वीस मिलिमीटर आत असावी. सगळी भोके एका सुतात पाडली तर आखूड फळीचे तोंड त्या रेषेवर फाटते, म्हणून एक भोक रेषेच्या मिलिमीटरभर अलीकडे आणि पुढचे तितकेच पलीकडे घ्यावे. डोळ्याला ते कळतही नाही. आणखी एक कारण फार कमी लोकांच्या ध्यानात येते. भोकात डिंक भरपूर घातला आणि गोल, घट्ट खुंटी वरून ठोकली तर आत अडकलेल्या डिंकाला बाहेर यायला वाट राहत नाही. त्याचा दाब फळी फोडतो. शेवटच्या ठोक्याबरोबर आतून ‘टक्’ असा आवाज आला तर बहुधा हेच झालेले असते. खुंटी अष्टकोनी ठेवली की कडांच्या बाजूंनी डिंक वर येतो.

खुंटीचे लाकूड आणि तिचा कोरडेपणा

सिंधुदुर्गात माणग्याचा बांबू सहज मिळतो, आणि त्याचा बुडखा जवळजवळ भरीव असल्यामुळे खुंटीला तो उत्तम. बाहेरचा कठीण भाग घ्यावा, मधला भुसभुशीत भाग टाकून द्यावा. ताज्या बांबूतल्या पिठूळ अंशावर भुंगा येतो आणि सहा महिन्यांत खुंटीतून पिवळी पूड गळू लागते; बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवून मग सावलीत वाळवला, किंवा चिरलेल्या कांड्या बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवल्या, तर हा त्रास बराच टळतो.

खुंटी सैल होण्याचे सर्वांत साधे कारण असे की ठोकताना ती फळीपेक्षा ओली होती. ती वाळली, बारीक झाली, सुटली. आमच्याकडे घराच्या वाशांचे काम करणारे एक वयस्क मेस्त्री माझी पेटी उलटीसुलटी करून एवढेच म्हणाले होते, “खुटी सुकीच होयी, फळी जराशी ओली असली तरी चलात.” त्यांच्या घरी खुंट्यांची जुडी चुलीवरच्या माळ्यावर वर्षभर धूर खात पडलेली असे. चूल नसेल तर तयार खुंट्या कोमट ओव्हनमध्ये तास-दोन तास ठेवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवाव्यात आणि ठोकण्याच्या वेळी एकेक बाहेर काढावी. माप सारखे यावे म्हणून जाड पोलादी पट्टीला सहा मिलिमीटरचे भोक पाडून त्यातून खुंटी ठोकून काढतात; नंतर कडा धारदार राहतील इतपत तिला पटाशीने पैलू पाडावेत. घट्टपणा किती असावा? हाताने अर्धी जावी आणि उरलेली हलक्या हातोडीने जावी. पूर्ण लांबीला घाव घालावे लागत असतील तर पावसाळ्यात ती फळीला चेंगरणार हे नक्की.

तळ

खरे भांडण तळाशी आहे, आणि माझ्या पाहण्यात निम्म्याहून अधिक पेट्या तळामुळे बिघडतात, जरी तक्रार कोपऱ्याची असली तरी. तळाच्या फळीचे धागे पेटीच्या लांबीत धावतात, म्हणून ती पेटीच्या रुंदीत हलते. आखूड फळी त्याच रुंदीत पसरलेली असते, पण ती तिची लांबी असल्यामुळे ती हलत नाही. अशा दोघांना चारही बाजूंनी खुंट्या ठोकून आणि डिंक लावून एकत्र बांधले, तर पावसाळ्यात तळ अडीच मिलिमीटर रुंद होऊ पाहतो आणि लांब फळ्यांना बाहेर ढकलून कोपऱ्यातल्या खुंट्या ओढतो. उन्हाळ्यात तो आकसू पाहतो, त्याला कोणी सोडत नाही, तेव्हा मधोमध चिरतो. माझ्या पेटीतली कोपऱ्याची फट आणि तळाची चीर ही दोन दुखणी नव्हती, एकच होते, हे समजायला मला दोन वर्षे लागली.

उपाय असा की चारही फळ्यांच्या आतल्या अंगाला, खालच्या काठापासून दहा-बारा मिलिमीटर वर, सहा मिलिमीटर खोल चर पाडावा आणि तळ त्यात नुसता सरकवावा. पावसाळ्यात करत असाल तर तळाची रुंदी चराच्या टोकापर्यंत जवळजवळ पूर्ण घ्यावी. माघ-फाल्गुनात करत असाल तर दोन्ही लांब बाजूंना मिळून तीन मिलिमीटर मोकळे सोडावे. डिंक अजिबात लावू नये. तळ एका बाजूला सरकू नये म्हणून प्रत्येक आखूड फळीच्या बरोबर मध्यावर खालून एकच खुंटी घालावी. मध्य जागेवर राहतो आणि दोन्ही काठ मोकळे हलतात. चर पाडण्याचे साधन नसेल आणि तळ खालूनच मारायचा असेल, तर तो एका रुंद फळीऐवजी तीन-चार अरुंद फळ्यांचा करावा, त्या आखूड दिशेने घालाव्यात आणि मध्ये पोस्टकार्डाएवढे अंतर ठेवावे. आंब्याच्या पेटीच्या तळाला पट्ट्यांमध्ये फटी असतात त्या फळाला हवा लागावी म्हणून, पण त्याच फटींमुळे तिचा तळ कधी फुगून फुटत नाही. प्लायवुडचा तळ घातला तर हा सगळा विषयच मिटतो. मी त्याला कमीपणा मानत नाही.

झाकण

झाकणाच्या आतून आडव्या दोन पट्ट्या मारतात, त्यांचे आणि झाकणाचे नाते तळ आणि आखूड फळीसारखेच. मधली खुंटी घट्ट आणि डिंक लावून घालावी. कडेच्या खुंट्यांचा हट्ट मात्र इथे सोडावा, कारण खुंटीला खिळ्यासारखे रुंद डोके नसते आणि लांबट भोकात ती पट्टीला धरून ठेवू शकत नाही. तिथे लांबट भोक पाडून वायसरसह पितळी स्क्रू वापरावा आणि तो अगदी आवळू नये. झाकण पेटीच्या आत बसणारे असेल तर भाद्रपदात अर्धा मिलिमीटर आणि फाल्गुनात दोन-अडीच मिलिमीटर मोकळीक हवी. फाल्गुनात ढिले वाटणारे झाकण हेच बरोबर झाकण.

लोखंडाविषयी थोडक्यात. टॅनिन (लाकडातला तुरट अंश) असलेल्या लाकडात लोखंडाभोवती काळे डाग पडतात आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेत असल्याने खिळ्याभोवती लाकूड फुटते. जुने डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने निघतात, पण ते विषारी आहे. हातमोजे घालावेत, पूड श्वासात जाऊ देऊ नये आणि नंतर लाकूड स्वच्छ धुवावे. बिजागरी आणि कडी-कोयंडा पितळीच घ्यावेत.

बिघडलेली पेटी खोलताना

खुंट्या उलट्या ठोकून काढू नयेत, ओठ तुटतो. खुंटीच्या मध्यावर टोच्याने खूण करून तिच्याहून एक मिलिमीटर बारीक गिरमिटाने ती पोखरावी, उरलेली कड पटाशीच्या टोकाने आत पाडावी. पांढरा डिंक असेल तर गरम व्हिनेगरचे फडके काही वेळ दाबून धरल्यावर तो मऊ पडतो. जुन्या पेटीत सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक) असेल तर कोमट पाणी पुरते. शिवाय सरस आपल्या पावसाळ्यात आपणहून मऊ होतो, म्हणून पुन्हा जोडताना पाण्याला टिकणारा डी-३ प्रतीचा डिंक घ्यावा. फळीच्या तोंडाला आधी पातळ हात द्यावा, तो आत मुरू द्यावा आणि मग दुसरा हात द्यावा. चेंगरलेला काठ रंध्याने एक-दोन पातळ सालपे काढून ताजा करावा आणि भोके सात मिलिमीटरची करून (वर सांगितलेल्या सहाच्या मर्यादेहून थोडी मोठी, पण जुने भोक साफ करण्यापुरतीच) नव्या खुंट्या घालाव्यात. मी ही दुरुस्ती कार्तिकात केली.

पॉलिशबद्दल लोकांचा एक हिशेब चुकतो. पेटी बाहेरून चकचकीत केली आणि आतून कोरी ठेवली, तर दोन बाजूंनी ओलावा वेगवेगळ्या वेगाने जातो-येतो आणि सरळ फळीलाही बाक येतो. जेवढे हात बाहेर तेवढेच आत, तळाच्या खालच्या अंगालाही. जवसाच्या तेलाने रंग खुलतो, पण ओलावा फारसा थोपत नाही. चपडी लाखेचे स्पिरिट पॉलिश तो बऱ्यापैकी धीमा करते, मात्र त्यावर पाण्याचा गडू ठेवला तर पांढरा डाग उमटतो. तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेतात. वाळत घालावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

दुरुस्तीनंतर झाकणाच्या आतल्या बाजूला मी पेन्सिलीने माप आणि महिना लिहू लागलो आहे. पहिल्या ओळीत कार्तिक, रुंदी २४० मिलिमीटर; तिच्याखाली फाल्गुन, २३९; आणि तिच्याखाली भाद्रपद, २४१. कोपऱ्यात फाल्गुनात वहीचे पान गेले, भाद्रपदात गेले नाही, आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री झाकण एका हाताने उघडले.